जखमेला हवे, डोळ्याला नको

मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही आणि त्याच रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या उगवतात. दोन्हीकडे रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या एकाच वृद्धिघटकाचा हात असतो: जखमेत तो कमी पडतो, डोळ्यात अतोनात होतो. म्हणून केसांपासून गुडघ्यांपर्यंत ‘ग्रोथ फॅक्टर’ विकणाऱ्या जाहिराती वाचताना पक्के ध्यानात ठेवावे की वृद्धिघटक म्हणजे टॉनिक नव्हे. कोणत्या संकेतावर, कुठे आणि किती काळ तो तयार होतो, यावर तो तारक की मारक हे ठरते.

याचा पुरावा प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या मानवी पेशींनी दिला. ३७ अंश सेल्सिअसच्या उबेत, लालसर पोषकद्रवात त्या वाढतात. आम्लता वाढली की द्रव पिवळा पडतो. ऑक्सिजन पुरेसा असताना पेशी एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन बनवते आणि लगेच मोडूनही टाकते. ऑक्सिजन घटला की ते टिकते, केंद्रकात जाऊन व्हीईजीएफचे जनुक चालू करते. ऑक्सिजन भरपूर असूनही द्रवात कोबाल्ट क्लोराइड मिसळले, तर पेशी फसते आणि व्हीईजीएफ बनवू लागते. ही यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांना अशा प्रयोगांसाठी पेशी पुरवते.

बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तिला मिळणारा ऑक्सिजन शरीरातल्या बहुतेक ऊतींपेक्षा कितीतरी जास्त असतो. तरीही पेशींवरच्या अशा संशोधनाच्या वाटेने डोळ्यातला व्हीईजीएफ रोखणारी इंजेक्शने आली आणि अनेकांची नजर वाचली. वृद्धिघटकांची औषधे आहेतच की, असेही कोणी म्हणेल. आहेत. मधुमेही पायाच्या जखमेसाठी बेकाप्लर्मिन जेलला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. २००८ मध्ये त्यावर कर्करोगाने मृत्यू होण्याच्या धोक्याचा ठळक इशारा आला, पुढे अधिक माहिती हाती आल्यावर तो काढला गेला. औषधावरचा विश्वास असा माणसांवरच्या चाचण्यांतून आणि वर्षानुवर्षांच्या देखरेखीतून कमवावा लागतो. बशीतला निकाल ही त्याची फक्त सुरुवात.

तेव्हा वाचकहो, उपचार कुठेही घ्या, पैसे मोजण्याआधी डॉक्टरांना विचारा: यात नेमका कोणता घटक आहे, माझ्या आजारासाठी त्याची माणसांवर चाचणी झाली आहे का, त्याला मान्यता आहे का? आणि मधुमेह असेल तर पाय रोज पाहा, डोळ्याचा पडदा दरवर्षी तपासून घ्या.