यंत्रांतराचा मोह

‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याला संगणक ठाऊक नव्हता. पण तो आज असता, तर अंगणाच्या जागीं त्यानें संगणक हा शब्द निःशंकपणें घातला असता. घरच्या घरीं गाणें, कीर्तन, कथाकथन अथवा वडील माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचा छंद आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत अलीकडे बराच पसरला आहे, आणि तो सर्वथा स्तुत्य आहे. परंतु ह्या छंदाच्या पाठोपाठ एक रोगही पसरला आहे. त्याला आम्ही ‘यंत्रांतर’ असें नांव देतों. मुद्रण मनासारखें उतरलें नाहीं, आवाजांत घरघर आली, कीं दोष खोलीचा नव्हे, मायक्रोफोनचा नव्हे, आपल्या अभ्यासाचा तर नव्हेच नव्हे. दोष संगणकाच्या जातीचा! विंडोज सोडा आणि मॅक घ्या. मॅक सोडा आणि लिनक्स घ्या. म्हणजे सर्व कांहीं सुरळीत होईल, असा उपदेश जो तो दुसऱ्यास करीत सुटला आहे.

ह्या रोगास सध्यां जो विशेष जोर चढला आहे त्याला एक निमित्तही घडलें. ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ह्या प्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. पुढची विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० ही सुरक्षिततेची सोय आणि ठराविक प्रोसेसर असल्याखेरीज अधिकृतपणें चालत नाहीं. त्यामुळें ज्यांचीं यंत्रें कालपर्यंत धडधाकट होतीं, त्यांच्यापुढें नवें यंत्र घ्यावें कीं नवा पंथ स्वीकारावा असा प्रश्न उभा राहिला. प्रश्न खरा आहे, आणि तो आम्ही नाकारीत नाहीं. आमचा वाद आहे तो त्याचें उत्तर ज्या रीतीनें शोधलें जातें त्या रीतीशीं. ‘कोणतें यंत्र श्रेष्ठ?’ हें प्रथम विचारलें जातें; ‘माझें आजवरचें काम माझ्याबरोबर येईल काय?’ हें कोणी विचारीतच नाहीं. आमच्या मतें पहिला प्रश्न घरगुती ध्वनिमुद्रकाच्या दृष्टीनें जवळजवळ निरर्थक असून, दुसरा हाच काय तो महत्त्वाचा आहे.

पहिल्या प्रश्नाची वासलात लावण्यास फार वेळ नको. संगणकांत शिरलेला आवाज म्हणजे केवळ आंकड्यांची मालिका होय. ध्वनितबकडीच्या, म्हणजे सीडीच्या, मापानें सेकंदास ४४,१०० वेळां आवाजाची उंची मोजली जाते, आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहिली जाते. दोन बाजूंच्या एका मिनिटाच्या मुद्रणास सुमारें १ कोटी ५ लक्ष बाइट लागतात. ह्या आंकड्यांना जात नाहीं आणि गोत्रही नाहीं. शिवाय आवाजाचे आंकडे बनविण्याचें काम संगणक करीतच नाहीं; तें बाहेर टेबलावर ठेवलेला ऑडिओ इंटरफेस करतो. तोच इंटरफेस व तोच मायक्रोफोन एकदां विंडोजला जोडा, एकदां मॅकला जोडा आणि एकदां लिनक्सला जोडा. हाताशीं येणारे आंकडे त्याच तोलाचे असतील. घरघर येते ती शेजारच्या खोलींतील फ्रिजची, डोक्यावरील पंख्याची, रस्त्यावरच्या रिक्षाची. आवाज घुमतो तो उघड्या भिंतींमुळें. गायकाच्या मागें दोन जाड गोधड्या टांगून, पंखा बंद करून आणि मायक्रोफोन वीतभर अंतरावर ठेवून जें साधतें, तें लाखभर रुपयांच्या यंत्रानें साधत नाहीं. परंतु गोधडी घरांतच असते, आणि घरांतल्या वस्तूचें कौतुक कोणास!

येथें प्रतिपक्षाचा एक मुद्दा प्रामाणिकपणें मान्य केला पाहिजे. गातांना आपलाच आवाज कानांतील हेडफोनमधून ऐकावयाचा असेल, तर तो संगणकांतून फिरून येण्यास लागणारा विलंब प्रत्येक प्रणालींत सारख्याच सहजपणें कमी होत नाहीं. मॅकमध्यें ही व्यवस्था मुळांतच अंगभूत आहे. विंडोजवर स्टाइनबर्ग कंपनीनें १९९७ सालीं काढलेल्या ‘आसिओ’ पद्धतीचा आधार घ्यावा लागतो, व इंटरफेसच्या निर्मात्यानें आपला ड्रायव्हर नीट लिहिला नसेल तर आवाजांत चटचट ऐकूं येते. लिनक्सच्या मूळ गाभ्यांत वेळेच्या काटेकोरपणाची सोय सुमारें वीस वर्षांच्या खटाटोपानंतर २०२४ सालीं पूर्णपणें समाविष्ट झाली. हें सर्व खरें. पण ह्या विलंबाचें मान तरी पाहा. सेकंदास ४८,००० मोजण्यांच्या हिशेबानें २५६ मोजण्यांचा सांठा म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांपैकीं सव्वापांच भाग. तेवढ्या वेळांत हवेंतून आवाज पावणेदोन मीटरांच्या आसपास जातो. बैठकींत गवयापासून तबलजी जेवढ्या अंतरावर बसतो, तेवढाच हा विलंब! जाऊन येऊन तो दुप्पट धरला, वर थोडी भर घातली, तरी तो पहिल्या रांगेंतील श्रोत्यापलीकडे जात नाहीं. बऱ्या प्रतीचा इंटरफेस असेल तर हें मान तिन्ही प्रणालींवर गांठतां येतें. आणि ज्याला आजोबांच्या आठवणी मुद्रित करावयाच्या आहेत, त्याला ह्या विलंबाशीं कर्तव्यच काय?

लिनक्सपंथीयांचेंही येथेंच समाधान करूं. त्यांचा स्वातंत्र्याचा आग्रह आम्हांस मान्य आहे. विंडोज ११ नें नाकारलेल्या जुन्या यंत्रास नवें आयुष्य देण्याचा तो एक सरळ मार्ग आहे हेंही मान्य आहे. परंतु ध्वनिसंस्काराचीं विकत मिळणारीं कित्येक उपकरणें, ज्यांना प्लगिन म्हणतात, लिनक्ससाठीं निघतच नाहींत. ज्याचें दहा वर्षांचें काम अशा उपकरणांवर उभें आहे, त्याला ‘मुक्त व्हा’ असें सांगणें म्हणजे घर सोडून संन्यास घ्या असें सांगण्यासारखें आहे. उपदेश थोर खरा. पण मुलांबाळांची व्यवस्था प्रथम लावली पाहिजे.

आतां दुसऱ्या, म्हणजे खऱ्या प्रश्नाकडे वळूं. गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास काय सांगतो? ‘लॉजिक’ हा ध्वनिसंपादनाचा नामांकित प्रोग्राम ‘इमॅजिक’ ह्या जर्मन कंपनीचा होता व तो विंडोजवरही चालत असे. २००२ च्या जुलैंत ॲपलनें ती कंपनी विकत घेतली आणि विंडोजवरील आवृत्ति बंद केली. ज्यांनीं पैसे मोजून व रात्री जागून त्या प्रोग्रामवर काम उभें केलें होतें, त्यांच्यापुढें यंत्र बदलणें किंवा काम सोडणें एवढेच दोन मार्ग उरले. उलट ‘केकवॉक’चा ‘सोनार’ हा प्रोग्राम विंडोजवाल्यांचा लाडका. २०१७ च्या नोव्हेंबरांत त्याच्या मालकानें, गिब्सन कंपनीनें, त्याचा विकास थांबविल्याचें जाहीर केलें. पुढील वर्षीं बँडलॅब कंपनीनें तो घेतला म्हणून तो वांचला. मॅकपंथीयांनीं ह्यावर हंसूं नये. ऑक्टोबर २०१९ मध्यें त्यांच्याच ‘कॅटालिना’ प्रणालीनें ३२ बिटांचे सर्व जुने प्रोग्राम एका दिवसांत निरुपयोगी ठरविले. तात्पर्य, ज्या देवाला आपण शरण जातों तो देवही आपलें देऊळ केव्हां बदलील याचा नेम नाहीं.

ह्याच्या उलट एक जुनें उदाहरण घ्या. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहर जान ह्यांचें गाणें ग्रामोफोन कंपनीच्या तबकडीवर मुद्रित झालें. त्यास सव्वाशे वर्षें होत आलीं. त्या काळची तबकडी आज कोणाच्या हातीं लागली, तर योग्य सुई आणि योग्य गति असलेल्या कोणत्याही यंत्रावर ती वाजेल. यंत्र कोणत्या कंपनीचें आहे असें ती विचारणार नाहीं. कारण तबकडीवरची रेघ हाच तो आवाज. त्या रेघेचा अर्थ कोणा एका कंपनीच्या कुलुपांत बंद केलेला नाहीं. आणि आमच्या घरांतील वीस वर्षांपूर्वींचें संपादित मुद्रण मात्र आज उघडेल कीं नाहीं, ह्याची आम्हांस शाश्वति नसते! ह्याला प्रगति म्हणावयाचें असेल, तर त्या शब्दाचा अर्थ पुन्हां एकदां तपासला पाहिजे.

ही निव्वळ कल्पनेंतील भीति नव्हे. आमच्या परिचयाच्या एका घरीं नातवानें आजींच्या जात्यावरच्या ओव्या दोन उन्हाळ्यांच्या सुट्यांत मोठ्या हौसेनें मुद्रित केल्या होत्या. पुढें आजी वारल्या. कांहीं वर्षांनीं नातवानें दुसऱ्या जातीचें यंत्र घेतलें. जुन्या संगणकांतून त्या कामाची प्रोजेक्ट-फाइल तेवढी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, आणि संगणक भंगारांत दिला. नव्या यंत्रावर ती फाइल उघडली तेव्हां पडद्यावर सर्व पट्ट्या जागच्या जागीं दिसल्या, त्यांवर ओव्यांचीं नांवेंही दिसलीं. आवाज मात्र एकींतही नव्हता. कारण अशा पुष्कळ प्रोग्रामांत प्रोजेक्ट-फाइल म्हणजे केवळ टांचण असतें: कोणता तुकडा कोठून घ्यावा, कोठें कापावा, किती मोठा करावा. प्रत्यक्ष आवाज निराळ्या फोल्डरांत असतो. नकाशा आला आणि घर भंगारांत गेलें! त्या मुलाच्या आईनें एवढेंच विचारलें, “म्हणजे आईंचा आवाज आतां कोठेंच नाहीं का रे?” ह्या प्रश्नास कोणत्याही पंथाच्या अभिमान्यापाशीं उत्तर नाहीं.

म्हणून यंत्र बदलूं इच्छिणाऱ्यास आमचें सांगणें असें. प्रथम जुन्या यंत्रावरच, तें चालतें आहे तोंवर, प्रत्येक कामांतील प्रत्येक पट्टी आरंभापासून अखेरपर्यंत एकसारख्या लांबीची अशी वेगळी काढून ‘वेव्ह’ फाइलींत ठेवा. संस्कार केलेली एक प्रत व कोरी एक प्रत. ‘वेव्ह’ ही मांडणी १९९१ पासूनची असून तिन्ही प्रणालींस ती सारखीच कळते. जागा वांचवावयाची असेल तर ‘फ्लॅक’ ही २००१ पासूनची मुक्त मांडणी घ्या. तिच्यांत आवाजाचा एक कणही गळत नाहीं, आणि २०२४ च्या अखेरीस ती इंटरनेटच्या प्रमाणग्रंथांतही नोंदली गेली. ‘एमपी३’ मात्र आप्तेष्टांस धाडण्यापुरती. तिच्यांत टाकून दिलेला आवाज पुन्हां परत येत नाहीं. सोबत साध्या मजकुराच्या फाइलींत कोण गात आहे, कोठें आणि कोणत्या दिवशीं, हें लिहून ठेवा. ह्या सर्वांच्या दोन प्रती दोन निराळ्या घरीं असूं द्या. नंतर त्या फाइली नव्या यंत्रावर उघडून स्वतःच्या कानांनीं ऐका. आणि मगच जुन्या यंत्राचा निरोप घ्या. पुढील कामासाठीं प्रोग्राम निवडतांना तो तिन्ही प्रणालींवर चालतो कीं नाहीं हें पाहा. ‘ऑडॅसिटी’, ‘रीपर’ व ‘आर्डर’ हे असे प्रोग्राम आज उपलब्ध आहेत. आणि विंडोज १० चें जुनें यंत्र केवळ मुद्रणासाठीं हवें असेल, तर इंटरनेटची तार काढून तें टेपरेकॉर्डरासारखें खुशाल वापरा. कंपनीनें देखभाल थांबविली म्हणून मायक्रोफोन कांहीं बहिरा होत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढी यातायात सामान्य गृहस्थानें कां करावी? त्याला आमचें उत्तर असें, कीं दागिने दुसऱ्या पेटींत हलवितांना हाच गृहस्थ एक एक डाग मोजून घेतो. दागिना हरवला तर पुन्हां घडवितां येतो. वडिलांचा आवाज, गुरूची बंदिश, लेकराचें पहिलें बोबडें गाणें हीं पुन्हां घडवितां येत नाहींत. आणि त्यांची मोजदाद मात्र आपण दुकानदारावर व स्नेह्याच्या शिफारसीवर सोंपवितों.

तेव्हां ज्याला यंत्र बदलावयाचें असेल त्यानें अवश्य बदलावें. मॅक घ्यावें, लिनक्स घ्यावें, किंवा आहे तेथेंच राहावें. त्यावरून कोणाचें गाणें सुधारणार नाहीं आणि बिघडणारही नाहीं. अंगण वांकडें असो वा सरळ. तें बदलतांना घरांतल्या माणसांचा आवाज मागें राहूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.