बिनतेलाचा फ्रायर : अख्खी कोंबडी बाहेरून खरपूस, आतून कच्ची?

पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात कोंबडी म्हटली की झणझणीत रस्सा. परदेशात अख्खी टर्की भाजणारा बिनतेलाचा इन्फ्रारेड फ्रायर इथे आणला, तर त्यात बहुधा कोंबडीच जाईल. त्याआधी त्याचे काम समजून घ्यायला हवे.

तेल नाही, मग कुरकुरीतपणा कुठून?
हा फ्रायर तळत नाही, भाजतो. इन्फ्रारेड किरणांनी वरचा थर तापतो. कातडीखालची चरबी वितळून तेलाचे काम करते. आपल्याकडे कोंबडी बहुधा कातडी काढूनच मिळते. ती यात कोरडी पडते. म्हणून दुकानदाराला कातडी ठेवायला सांगावे किंवा वरून थोडे तेल लावावे.

धोका कुठे?
रश्शात लहान तुकडे उकळून शिजतात. अख्ख्या कोंबडीत मात्र उष्णता हळूहळू आत जाते. वरून लाल झालेली मांडी हाडाजवळ कच्ची राहू शकते. साल्मोनेलासारखे जंतू मरण्यासाठी सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस तापमान गाठले पाहिजे. गोठवलेली कोंबडी आधी फ्रीजमध्येच पूर्ण सुटी होऊ द्यावी. वर्ध्याच्या उन्हाळ्यात ती ओट्यावर ठेवू नये.

तेल वाचवणे चांगलेच. पण फ्रायर घेणाऱ्याने सोबत स्वयंपाकाचा थर्मामीटरही घ्यावा. तो नसेल, तर तुकडे करूनच भाजावे.