पहिल्या क्रमांकाचा मान, शेवटच्या क्रमांकाचा संघ

२२ जून २०१८ रोजी अमेरिकेतील डॅलस शहरात नॅशनल हॉकी लीगच्या नव्या खेळाडूंची वार्षिक निवड सुरू झाली, तेव्हा पहिले नाव पुकारले गेले ते रासमुस डालिन या अठरा वर्षांच्या स्वीडिश तरुणाचे. त्या वर्षी एकूण २१७ खेळाडू निवडले गेले. त्यांत अग्रस्थानी येण्याचा मान स्वीडनला यापूर्वी एकदाच, १९८९ साली मात्स सुंदिनच्या रूपाने मिळाला होता. बर्फावरील हॉकीच्या जगात कोवळ्या वयाच्या खेळाडूस याहून मोठा सन्मान क्वचितच लाभतो. मात्र या सन्मानाचा व्यावहारिक अर्थ असा, की सर्वांत गुणी ठरलेल्या तरुणाने सर्वांत मागे पडलेल्या संघाकडे चाकरीस जावयाचे. डालिनला निवडणारा बफेलो सेबर्स हा संघ त्या हंगामात ३१ संघांत एकतिसावा आला होता.

डालिन ज्या व्यवस्थेत वाढला, तिचा न्याय नेमका उलटा आहे. व्हेनर्न सरोवराच्या काठी वसलेल्या लीडशोपिंग या लहान शहराच्या क्लबात तो खेळू लागला, पुढे गोथेनबर्गच्या फ्रोलुंडा क्लबात गेला आणि सोळाव्या वर्षी देशाच्या सर्वोच्च साखळीत उतरला. स्वीडनमधील क्लब हे मुळात सभासदांच्या संस्था असतात. एखाद्या क्लबाने व्यवसायासाठी कंपनी स्थापन केली, तरी मतांचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडे राहावे असा तेथील क्रीडासंघटनेचा नियम आहे. शिवाय सर्वोच्च साखळीत तळाशी राहणाऱ्या संघावर खालच्या श्रेणीत उतरण्याची पाळी येते. गलथान कारभाराची किंमत ज्याची त्याला मोजावी लागते. अमेरिका आणि कॅनडामधील नॅशनल हॉकी लीगमध्ये खालची श्रेणी नाही. संघाने कितीही सामने गमावले तरी त्याचे स्थान अबाधित राहते. एवढेच नव्हे, तर पुढील वर्षीच्या निवडीसाठी जी सोडत काढली जाते, तीत शेवटच्या संघाला पहिल्या क्रमांकाची सर्वाधिक संधी मिळते. २०१८ मध्ये बफेलोच्या बाबतीत ती १८.५ टक्के होती. एकदा एखाद्या संघाने निवड केली, की त्या खेळाडूस लीगमधील दुसऱ्या कोणत्याही संघाशी स्वतःहून बोलणी करता येत नाहीत.

या पद्धतीच्या समर्थनार्थ मांडला जाणारा युक्तिवाद वरवर पाहता पटण्यासारखा आहे. चांगले खेळाडू श्रीमंत शहरांतील संघांनीच पळविले, तर सामने एकतर्फी होतील, प्रेक्षक पाठ फिरवतील आणि शेवटी सर्वांचेच नुकसान होईल. म्हणून दुबळ्यास प्रथम निवडीचा हक्क द्यावा, असे सांगितले जाते. हेतूबद्दल वाद नाही. परंतु हेतू आणि परिणाम या दोन भिन्न गोष्टी आहेत. सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजारावर जो निबंध लिहिला, त्यात खेळाडूस एका संघाशी बांधून ठेवल्याने गुणवत्तेची वाटणी फारशी बदलत नाही, असे प्रतिपादन केले होते. बदलते ते एवढेच, की खेळाडूच्या कौशल्यातून निर्माण होणाऱ्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्याच्याऐवजी मालकाच्या पदरात पडतो.

बफेलोचा इतिहास हा या प्रतिपादनाचा जणू पुरावाच ठरावा. २०१४, २०१५, २०१८ आणि २०२१ या चार वर्षी हा संघ गुणतक्त्यात अगदी तळाशी राहिला. त्याबद्दल त्याला दोनदा दुसऱ्या क्रमांकाचा आणि दोनदा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू मिळाला. एवढे देऊनही २०११ नंतर २०२५ पर्यंत सलग १४ हंगाम तो बाद फेरी गाठू शकला नाही. लीगच्या इतिहासात इतकी दीर्घ उपेक्षा दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेली नाही. दुसऱ्या क्रमांकाने निवडलेले सॅम राइनहार्ट आणि जॅक आयकेल हे दोघेही २०२१ मध्ये बफेलोतून बाहेर पडले. आयकेलने २०२३ साली लास व्हेगासच्या संघातून, तर राइनहार्टने २०२४ आणि २०२५ साली फ्लोरिडाच्या संघातून अजिंक्यपदाचा स्टॅन्ली चषक जिंकला. खेळाडूंत न्यून नव्हते. ते संघाच्या कारभारात होते. कारभाराचे अपयश झाकण्यासाठी दरवर्षी नवा अठरा वर्षांचा मुलगा पुरविणे, याला समतोल म्हणता येणार नाही.

वेतनाचा प्रश्न याहून उद्बोधक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये डालिनने बफेलोशी आठ वर्षांचा, ८ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. हा आकडा वाचून सामान्य नोकरदाराचे डोळे विस्फारतील, आणि अशा माणसाबद्दल कणव कशासाठी, असा प्रश्न त्याच्या मनात येईल. कणवेचा येथे प्रश्नच नाही. पण पहिली तीन वर्षे, ८२ सामन्यांच्या पदार्पणाच्या हंगामात ४४ गुण मिळविणाऱ्या या खेळाडूचे मूळ वेतन नियमानेच वर्षाला ९ लाख २५ हजार डॉलरच्या आत ठेवले होते. कामगिरीचा बोनस तेवढा वेगळा. त्यानंतरचा २०२१ चा तीन वर्षांचा करार १ कोटी ८० लाख डॉलरचा होता. म्हणजे वार्षिक १ कोटी १० लाख डॉलरची सरासरी त्याच्या वाट्याला येण्यास २०२४-२५ चा हंगाम उजाडावा लागला. सर्वच जण तोपर्यंत टिकत नाहीत. दुखापत, घसरलेला सूर किंवा प्रशिक्षकाची नापसंती यांमुळे अनेकांची कारकीर्द या स्वस्त वर्षांतच संपते. त्यांच्या बाबतीत पुढील भरपाई केवळ कागदावर राहते.

घडविणाऱ्या क्लबाचीही बाजू आहे. खेळाडू समुद्रापलीकडे गेला, की उभय बाजूंच्या संघटनांमधील करारानुसार ठरीव रक्कम मिळते; बाजारातील बोली मिळत नाही. गावातील बर्फाचे मैदान, तेथे राबणारे स्वयंसेवक आणि पहाटे मुलांना सरावास नेणारे पालक यांच्या श्रमांचा हिशेब त्या रकमेत मावणारा नाही. मायदेशाच्या खर्चाने शिकून परदेशी रुजू होणाऱ्या कुशल मनुष्यबळाचा प्रश्न भारतीय वाचकासही अपरिचित नसावा.

डालिनने स्वतः तक्रार केल्याचे दिसत नाही. त्याने दीर्घ मुदतीचा करार करून तेथेच राहणे पसंत केले आणि २०२४ मध्ये संघाचे कर्णधारपद स्वीकारले. हे त्याच्या निष्ठेस शोभणारेच आहे. पण एका व्यक्तीच्या निष्ठेने पद्धतीचे समर्थन होत नाही. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम टाळेबंदीत वाया गेल्यानंतर लीगने प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा घातली. श्रीमंत संघांना आवर घालण्यास ही मर्यादा पुरेशी आहे. ती असताना नवोदितास आपला मालक निवडण्याचा हक्क नाकारण्याचे कारण उरत नाही. दुबळ्या संघाने गुणी तरुणास आकर्षित करावयाचे असेल, तर त्याने आधी आपला कारभार सुधारावा. स्वीडनच्या तळाच्या क्लबाला हे सांगावे लागत नाही. खालच्या श्रेणीचे भय ते काम चोख बजावते.