जुन्या यंत्राची रिकामी खाच

सरकारी कार्यालयात किंवा महाविद्यालयात एखादी वस्तू मोडीत काढावयाची झाली, की जडसंग्रह नोंदवहीत तिचे निर्लेखन करावे लागते. समिती बसते, वस्तू खरोखरच निरुपयोगी झाली आहे काय याची खातरजमा होते, कारण लिहावे लागते, सह्या होतात. या पद्धतीतील दिरंगाईची चेष्टा पुष्कळ झाली आहे व ती अस्थानी होती असे नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र शहाणपणाचा होता : ही वस्तू टाकून का द्यावयाची? घरगुती संगणकाच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याची सवयच मध्यमवर्गाने सोडून दिल्यासारखी दिसते. लॅपटॉप ‘जुना झाला’ एवढेच कारण पुरेसे ठरते. आणि जुना म्हणजे नेमका कोणत्या बाबतीत जुना, हे पाहण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही.

पुण्यातील सदाशिव वा नारायण पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. थोरल्या भावाने वापरून दिलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप त्याच्यापाशी आहे. वाचन, लेखन, टिपणे ही कामे तो बिनतक्रार करतो. अडते ते एकाच ठिकाणी. व्याख्यानांच्या ध्वनिचित्रफिती बाहेरच्या हार्ड डिस्कवरून उतरवून घ्यावयाच्या म्हटल्या, की यंत्र तासन्‌तास रेंगाळते. मित्र सांगतात, नवा घे. घरून चाळीस-पन्नास हजार रुपये मागवावयाचे, तर वडिलांना पतपेढीचे दार ठोठवावे लागणार. अशा वेळी यंत्राच्या कडेला असलेल्या, आजवर कधी न वापरलेल्या एका रिकाम्या खाचेकडे त्याचे लक्ष जाणे अगत्याचे आहे. हजार-दीड हजारांचे एक कार्ड त्या खाचेत बसवले, तर त्याची अडचण दूर होण्याचा बराच संभव आहे.

खाचेमागचा विचार

ही खाच तेथे आली कशी, हे थोडक्यात पाहणे उद्बोधक ठरेल. बाहेरची साधने संगणकास जोडण्याची यूएसबी ही पद्धत १९९६ मध्ये प्रथम जाहीर झाली. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून अभियंता होऊन अमेरिकेस गेलेले अजय भट्ट हे तिच्या जनकांपैकी एक. २००० मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीची कमाल गती सेकंदास ४८० मेगाबिट होती. २००८ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने ती ५ गिगाबिटवर, म्हणजे दसपटीहून थोडी अधिक, नेली. तिसरी आवृत्ती बाजारात सर्रास मिळू लागेपर्यंत आणखी काही वर्षे गेली. मधल्या काळात विकले गेलेले असंख्य लॅपटॉप दुसऱ्याच आवृत्तीचे राहिले.

परंतु त्यांपैकी अनेकांत, विशेषतः कार्यालयांसाठी बनविलेल्या यंत्रांत, एक्सप्रेसकार्ड नावाची खाच होती. संगणक-उद्योगातील कंपन्यांनी एकत्र येऊन २००३ मध्ये हे मानक ठरविले. उद्या कोणते साधन निघेल हे आज सांगता येत नाही, तेव्हा यंत्राच्या अंतर्गत मार्गापर्यंत पोहोचणारे एक दार उघडे ठेवावे, असा त्यामागचा विचार होता. घर बांधताना वरच्या मजल्यासाठी खांबांच्या सळया बाहेर काढून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. मजला चढेल न चढेल. पण चढवावयाचा झाल्यास पाया फोडावा लागू नये.

या दारातून किती माल जाऊ शकतो, याचा हिशेब मात्र नीट करावयास हवा. सर्वसाधारण एक्सप्रेसकार्डच्या मार्गाची गती सेकंदास २.५ गिगाबिट आहे. संकेतनाची वजावट करता २ गिगाबिट, म्हणजे २५० मेगाबाइट, उरतात. प्रत्यक्षात याहूनही कमी. यूएसबीच्या तिसऱ्या आवृत्तीची पूर्ण गती या कार्डाने मिळेल, असे कोणी विक्रेता सांगत असेल तर ते खरे मानू नये. तथापि, दुसऱ्या आवृत्तीच्या जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदास तीस-पस्तीस मेगाबाइटच मिळतात, हे लक्षात घेतले म्हणजे निम्मी गतीही थोडी नव्हे, हे ध्यानात येते. चाळीस गिगाबाइटच्या फिती जुन्या जोडणीतून उतरविण्यास सुमारे एकवीस मिनिटे लागतात. कार्ड बसविल्यावर यंत्रातील हार्ड डिस्क सेकंदास शंभर मेगाबाइट स्वीकारू शकली, तर तेच काम सात मिनिटांच्या आत होते.

येथे अर्थशास्त्रातील एका प्राथमिक तत्त्वाची आठवण होते. उत्पादनाच्या साखळीत जो दुवा सर्वांत अरुंद असेल, तोच साऱ्या साखळीची गती ठरवितो. इतर दुवे रुंद करण्यावर केलेला खर्च वाया जातो. यंत्रातील मूळची फिरती हार्ड डिस्क जीर्ण झाली असेल, तर आधी ती बदलून एसएसडी बसवावी आणि मग कार्डाचा विचार करावा. ज्याला महिन्यातून एकदाच मोठी फीत उतरवावयाची आहे, त्याने कार्ड न घेणेच बरे. एकवीस मिनिटे तो चहा पिण्यात सुखाने घालवू शकेल. रोज असे काम करणाऱ्याचे मात्र पंचवीस दिवसांत जवळजवळ सहा तास वाचतात.

आणखी काही पथ्ये आहेत. २००३ च्या आधीची पीसी कार्डाची खाच दिसावयास सारखीच असली, तरी तिच्यात एक्सप्रेसकार्ड चालत नाही. यूएसबीच्या तिसऱ्या आवृत्तीच्या जोडणीने साधनास ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देणे अपेक्षित असते. खाचेतून मिळणारी वीज दोन हार्ड डिस्कना पुरेलच असे नाही, म्हणून पुष्कळ कार्डांना वेगळ्या वीजपुरवठ्याची सोय असते. विंडोज सातसारख्या जुन्या प्रणालीवर कार्डासोबतचा ड्रायव्हर भरावा लागतो. विंडोज आठपासून पुढे बहुधा लागत नाही. लिनक्समध्ये तर ही सोय २००९ पासूनच आहे.

घसारा कागदावरचा आणि खरा

हे झाले तंत्र. खरा प्रश्न आहे तो मूल्याचा. आयकराच्या नियमांत संगणकास घटत्या शिलकेवर पूर्वी ६० टक्के घसारा मिळत असे. २०१७ पासून तो ४० टक्के झाला. या दराने पन्नास हजारांचे यंत्र पाच वर्षांनी हिशेबवहीत ३,८८८ रुपयांचे उरते. कर-आकारणीच्या सोयीसाठी हा दर ठीकच आहे. अनर्थ घडतो तो वहीतील घसारा आणि उपयुक्ततेचा घसारा एकच मानल्यामुळे. पाच वर्षांत यंत्राची लेखनक्षमता बारा आण्यांनीही घटलेली नसते. किंबहुना ज्याला ‘जुना’ म्हणून हिणवले जाते, त्या यंत्राचा एखादाच अवयव काळाच्या मागे पडलेला असतो.

साध्या त्रैराशिकाने हे पटेल. दीड हजारांच्या कार्डाने नवी खरेदी दोन वर्षे पुढे ढकलली गेली, असे समजू. उरलेले साडेअठ्ठेचाळीस हजार सात टक्क्यांनी ठेवीत राहिले, तर दोन वर्षांत जवळजवळ ६,८०० रुपये सरळव्याज होते. कार्डाचा खर्च चौपटीहून अधिक भरून निघाला. कर्ज काढून खरेदी करणाऱ्यास तर हा फरक आणखी जाणवेल. चाकरमान्या कुटुंबाच्या अंदाजपत्रकात दोन वर्षांची सवड म्हणजे एका मुलाचे शुल्क किंवा आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया असते.

कल्हईवाला गल्लीतून हाक देत जात असे, तेव्हा पितळेचे पातेले आंबट झाले म्हणून कोणी ते टाकून देत नव्हते. कल्हई उडाली होती. पातेले शाबूत होते. दोहोंतील हा भेद घरातील अशिक्षित आजीलाही कळत असे. पदवीधर नातवाला तो कळेनासा झाला, याचे कारण त्याची बुद्धी मंद झाली हे नव्हे. वस्तू अशा रीतीने घडविल्या जाऊ लागल्या, की कल्हई आणि पातेले वेगळे करताच येऊ नयेत.

बंद होत गेलेली दारे

एक्सप्रेसकार्डाची खाच पुढे नव्या यंत्रांतून दिसेनाशी झाली. तिच्या पाठोपाठ अनेक यंत्रांतील स्मृतीच्या पट्ट्या मुख्य पाटीवर कायमच्या डाखल्या गेल्या आणि बॅटऱ्या आत चिकटविल्या गेल्या. उत्पादकांच्या बाजूने सांगण्यासारखे काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्राहकालाच हलके व पातळ यंत्र हवे होते. शिवाय आजच्या टाइप-सी जोडणीतून बाहेरची पुष्कळ साधने खाचेवाचून जोडता येतात. परंतु हलकेपणा आणि दुरुस्तीयोग्यता यांचे हाडवैर आहे, हा युक्तिवाद टिकणारा नाही. अमेरिकेतील फ्रेमवर्क या कंपनीने २०२१ मध्ये, ज्याच्या जोडण्यादेखील ग्राहकाला स्वतः काढता-घालता येतात असा पातळ लॅपटॉप विक्रीस आणून तो खोडून काढला आहे.

दारे केवळ यंत्रातलीच बंद होतात असे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज दहा या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपला. पुढच्या आवृत्तीच्या अटींत एक्सप्रेसकार्डाच्या जमान्यातील यंत्रे बसत नाहीत. म्हणजे लोखंड धडधाकट असूनही कागदोपत्री ते मृत. अशांना लिनक्सची वाट मोकळी आहे. परंतु ती दाखविणारा कोणी तरी जवळ असावा लागतो.

तो जाणकार पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा पेठापेठांतल्या एखाद्या जिन्याखालच्या दुकानात भेटतो. भिंग डोळ्याला लावून पाटीवरचा जळालेला भाग हुडकणारा हा कारागीर हे या शहराचे भांडवल आहे. ज्या शहरात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला, त्याने महासंगणकाइतकाच या कारागिराचाही अभिमान बाळगावयास हरकत नाही. त्याला सुटे भाग आणि यंत्राचे आराखडे मिळेनासे झाले, तर त्याचे कसब निरुपयोगी होईल. आणि एकदा मोडलेले कसब पुन्हा उभे राहण्यास पिढी जाते.

करावयास काय हवे

सरकारचे याकडे लक्ष गेलेच नाही, असे नव्हे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली व त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ उघडले. २०२५ च्या मे महिन्यात दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाविषयीचा अहवालही विभागास सादर झाला. तथापि त्यात अग्रक्रम आहे तो स्मार्टफोन आणि टॅबलेट यांना. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून असा निर्देशांक सुरू झाला, तेव्हा पहिल्याच यादीत लॅपटॉप होता. विद्यार्थी, शिक्षक आणि कारकून यांचे ज्या साधनावर पोट आहे, ते आपल्याकडे दुसऱ्या रांगेत का असावे?

शिवाय निर्देशांकाने ‘मोडले तर दुरुस्त होते काय’ एवढेच विचारणे पुरेसे नाही. ‘गरज वाढली तर वाढविता येते काय’ हेही विचारले पाहिजे. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये काहीच मोडलेले नव्हते. त्याला हवे होते ते केवळ एक अधिक रुंद दार. दुरुस्ती आणि वाढ हे हक्क जुळे आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्यांचा मुख्य भर वस्तू मोडीत निघाल्यानंतरच्या विल्हेवाटीवर आहे. कचऱ्याची उत्तम विल्हेवाट लावण्याहून तो चार वर्षे उशिरा निर्माण होणे केव्हाही श्रेयस्कर.

दिल्लीची वाट न पाहता करता येण्याजोगेही काही आहे. महाविद्यालये, विद्यापीठ, महापालिका व जिल्हा परिषदा संगणक एकगठ्ठा विकत घेतात. निविदेतील किमान किमतीच्या अटीशेजारी आणखी तीन अटी सहज घालता येतील : स्मृती व डिस्क बदलता यावी, सुटे भाग ठरावीक वर्षे मिळावेत, दुरुस्तीची माहितीपुस्तिका सोबत यावी. मोठ्या ग्राहकाने मागितलेली गोष्ट बाजार नाकारीत नाही, हा अनुभव आहे. आणि निर्लेखनाच्या प्रपत्रात एक रकाना वाढवावा : ‘कोणता भाग बदलल्यास यंत्र वापरता येईल व त्यास खर्च किती?’ हा रकाना भरण्यास पाच मिनिटे लागतील.

घरोघरी जडसंग्रह नोंदवही नाही, समिती नाही, सह्या नाहीत. तेथे हा रकाना ज्याचा त्यानेच मनात भरावयाचा आहे. नवे यंत्र घेणे हा काही गुन्हा नव्हे. पुष्कळदा ते आवश्यकही असते. परंतु तो निर्णय हिशेबाचा असावा, शेजाऱ्याच्या टेबलावरील वस्तू पाहून घेतलेला नसावा. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपल्या जुन्या यंत्राची कड एकदा बोटाने चाचपून पाहावी. रिकामी खाच अजून तेथे असण्याचा संभव आहे.