राखेत आधी काय शोधायचे?

घर जळते तेव्हा आपला समाज धावून जातो, यात शंका नाही. मशिदीतून एलान होते, तासाभरात देगा चढतात, चादरी-गोधड्या गोळा होतात. या धावण्याला माझा सलाम. पण आग विझल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी काय होते? देगा धुऊन ठेवलेल्या असतात, पुढाऱ्यांचे फोटो काढून झालेले असतात आणि घरवाली एकटीच काठीने राख उकरत बसलेली असते. ती दागिने शोधते. शोधावेतच. सोने वितळायला १,०६४ अंश सेल्सिअस उष्णता लागते. अ‍ॅल्युमिनियमची पातेली ६६० अंशांवरच ओघळतात. म्हणून पातेल्यांचा गोळा झाला तरी कानातले राखेत सापडू शकते. कागद मात्र अडीचशे अंशांच्या आसपासच पेट घेतो. सोने चार दिवस थांबते, कागद थांबत नाही. माझे भांडण आपल्या या क्रमाशी आहे.

कागद म्हणजे काय, हे गरिबाला वेगळे सांगायला नको. मुंबईत झोपडीच्या मोफत पुनर्वसनासाठी १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदवहीची अंतिम यादी लागली, तेव्हा १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली. साऱ्या प्रक्रियेचा आधार जुने कागद हाच होता. वांद्रे पूर्वेच्या गरीबनगरला मार्च २०११ मध्ये आग लागली, ऑक्टोबर २०१७ मध्ये पुन्हा लागली. अशा वस्तीत पत्रे आणि बांबू महिनाभरात उभे राहतात. जुने वीजबिल, पोरीचा शाळेचा दाखला, निकाहनामा हे उभे राहायला वर्षे जातात. तोवर ज्याचे घर जळाले त्यालाच विचारले जाते, ‘तू इथलाच कशावरून?’

शासनाचा हिशेब बघा. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्ती मदतीच्या निकषांत कुटुंबामागे कपड्यांसाठी २,५०० आणि भांडीकुंडी व घरसामानासाठी २,५०० रुपये आहेत. जळालेल्या कागदांचा रकानाच नाही. याच शासनाचे मंत्रालय २१ जून २०१२ रोजी पेटले. फायली खाक झाल्या. मग काय झाले? इतर कार्यालयांतल्या प्रती मागवून फायली पुन्हा उभ्या केल्या गेल्या. शासन खरे की खोटे, असे कोणी विचारले नाही. ते योग्यच होते. मग हाच न्याय जळालेल्या झोपडीला का नाही? मतदारयादी, शाळेचे रजिस्टर, वीजग्राहकाची नोंद, जन्माची नोंद हे सारे सरकारदरबारी पडून असते. जळाली ती आपल्याकडची प्रत. मूळ नोंद ज्याच्याकडे आहे त्याने वस्तीत टेबल मांडून ती विनामूल्य द्यावी. पीडिताने दहा खिडक्यांवर हात पसरावेत, ही कुठली मदत?

पण सगळा दोष सरकारच्या माथी मारून आपण सुटत नाही. आपल्यात एक सोयीचे वाक्य आहे: ‘अल्लाहची मर्जी, सब्र करा.’ सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, हे कोणी शिकवले? कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे? सूरह बकराची २८२ वी आयत. ती उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सांगते. ज्या दीनने लेखी नोंदीला एवढे महत्त्व दिले, त्याच्या नावाने पंचनामा टाळायचा? आणि पंचनामा झाला तरी त्यात नाव कुणाचे? घरधन्याचे. माहेरहून आलेली शिलाई मशीन, महेरचा ऐवज, बचतगटाचे पासबुक हे बाईचे नुकसान बाईच्या नावानेच लिहिले गेले पाहिजे.

म्हणून मोहल्ला कमिट्यांना माझे सांगणे आहे: देग चढवणाऱ्या हातांइतकेच लिहिणारे हात तयार ठेवा. अग्निशमन दलाने परवानगी दिल्यावरच आत शिरा. काहीही हलवण्याआधी फोटो काढा. पंचनाम्याची प्रत आणि अग्निशमन दलाचा दाखला घ्या. लोखंडी कपाट तापलेले असताना उघडू नका; आत हवा शिरली की वाचलेलेही पेटते. कागदांचा घट्ट गठ्ठा काळा दिसला म्हणून फेकू नका. मध्ये हवा पोहोचत नाही, कडा जळतात आणि मजकूर पुष्कळदा राहतो. बंबाच्या पाण्याने भिजलेले कागद ओढून सुटे करू नका, उन्हात टाकू नका. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. फार असतील तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. दोन दिवस गेले की बुरशी धरते. कोळसा झालेल्या नोटाही टाकू नका. बँकेची शाखा त्या घेत नाही, पण रिझर्व्ह बँकेच्या इश्यू कार्यालयात त्या तपासून घेतल्या जातात.

आणि आपण लिहिणारे? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा सतराव्या शतकातला ‘योगसंग्राम’ आपल्यापर्यंत पोहोचला, कारण कोणीतरी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. आज आपल्या घराघरांत दादीने सांगितलेल्या दखनी गाण्यांच्या वह्या आहेत, नानांची पत्रे आहेत, न छापलेल्या कथा आहेत. त्यांची दुसरी प्रत कुठे आहे? उद्या हे जळाले तर त्याची नोंद कुठल्याच कचेरीत सापडणार नाही. नक्कल मागायला खिडकीसुद्धा नसेल.

सोने पुन्हा घडवता येते. आपण इथे होतो, इथे राबलो, इथे लिहिले, याचा पुरावा पुन्हा घडवता येत नाही. राखेत पहिला हात त्यासाठी घाला. आणि आग लागण्याआधीच एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.