आजीला घेऊन दोन किलोमीटर

परवा पुण्याच्या मित्राचा मेसेज आला. "डिसेंबरात फॅमिली घेऊन तुमच्याकडे येतोय. सोबत आई आणि सात वर्षांचा मुलगा. जंगलातून थोडं चालणं, वरून पाणी दिसेल, दोन-तीन तासांत परत, असं एखादं सोपं ठिकाण सांग. कोकणात असतं ना, तसं."

वीस वर्षांवर झाली मला या जिल्ह्यात बातमीदारी करून. तरी उत्तर द्यायला दोन दिवस लागले. म्हणून ही पोस्ट. लांबलीय, सवडीने वाचा.

आपल्याला समुद्र नाही. सुरत लाइनची गाडी पकडायची, डुमसला पाय भिजवायचे आणि रात्रीच्या गाडीने परत, हा आपला समुद्र. गंमत म्हणजे प्रकाशाला आपण जिच्या काठावर उभे राहतो ती तापीच तिकडे जाऊन समुद्राला मिळते. पण पाणीच बघायचं असेल तर उत्तरेला आहे की! धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरापलीकडे सरदार सरोवराचा फुगवटा. भूषाच्या वर उभं राहिलं की खाली नर्मदा पसरलेली, समोरचा काठ मध्य प्रदेशाचा, डोंगरांच्या सोंडा थेट पाण्यात उतरलेल्या. नवीन माणूस हमखास म्हणतो, "अरे, हा तर समुद्रच!"

असं एकदा माझ्यासोबतचा फोटोग्राफर म्हणाला, तेव्हा शेजारी गावातले एक बाबा उभे होते. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पाण्याकडे हात केला आणि सांगितलं, घर तिथे होतं. महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाने बाधित झाली, सगळी आपल्याच दोन तालुक्यांतली. याच पाण्याच्या खालच्या टोकाला, गुजरातेत, २०१८ साली सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिला. तिथे हॉटेलं आहेत, बसगाड्या आहेत, तिकिटाच्या रांगा आहेत. शहाद्या-तळोद्याची माणसंही सुट्टीत तिकडेच जातात. वरच्या टोकाला, आपल्याकडे, बसायला एक बाकडं नाही. "नर्मदा दर्शन" अशी पाटी नाही. पाणी तेच आहे, साहेब.

आता तोरणमाळचं सांगतो. गेल्या श्रावणात आम्ही घरचे सगळे गेलो होतो. आई ६८ वर्षांची, गुडघे कुरकुरतात, पण चालायची हौस दांडगी. मुलगी चौथीत. सातपायरी घाट चढून वर गेलो. ढग खाली, आपण वर. साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची, यशवंत तलाव भरलेला, हवा अशी की नंदुरबारच्या मिरचीचा ठसका विसरावा. सीताखाईला गाडी लावली. तिथे आधीच तीसेक गाड्या. लोक उतरतात, दरीकडे पाठ करून फोटो काढतात, मक्याचं कणीस घेतात, गाडीत बसतात, पुढचा पॉइंट. वीस मिनिटं धरून. दरीच्या टोकाला पोरं रील काढत होती, मुलीचा हात मी एक क्षण सोडला नाही.

आई म्हणाली, "भाऊ, बघून झालं. आता चालायचं कुठं?"

मला उत्तर देता आलं नाही. डांबरी रस्त्यावर चालावं तर गाड्या अंगावर येतात. जंगलात शिरावं तर वाट कुठे जाते ते लिहिलेलं नाही. बायकोने तर शहाद्यापासून पाणीच प्यायलं नव्हतं. का, ते बायकांना विचारा. वर एक स्वच्छतागृह दिसलं, त्याला कुलूप होतं. फॅमिली टुरिझम म्हणतात त्याची पहिली परीक्षा तिथेच होते, बाकी सगळं नंतर.

शेवटी कणसं विकणाऱ्या बाईंचा मुलगा म्हणाला, चला, मी नेतो. आठवी-नववीतला असेल. तलावाच्या कडेने, मग झाडीतून, त्यांच्या रोजच्या पायवाटेने त्याने आम्हाला फिरवलं. चढ जवळजवळ नाही. आई दोनदा दगडावर बसली, तेवढंच. त्याने मोहाचं झाड दाखवलं, चारोळीचं दाखवलं, अस्वल कुठल्या दिवसांत खाली येतं ते सांगितलं. मुलीने पोरक्या भाबडेपणाने विचारलं, "तुला शाळेत हे शिकवतात?" तो हसला. म्हणाला, "नाही, शाळेत दुसरंच शिकवतात." दीड तासात परत. घरी आल्यावर मुलीने सीताखाईचं नाव काढलं नाही, त्या वाटेचंच बोलत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. पर्यटन विकास म्हटलं की आपल्या पुढाऱ्यांच्या तोंडी काचेचा पूल, रोपवे, झिपलाइन, बोटिंग. आराखडे होतात, फ्लेक्स लागतात, पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्याऐवजी दोन-दोन किलोमीटरच्या चार पायवाटा द्या. कोपऱ्याकोपऱ्यावर पाटी, मराठीत आणि पावरीत. दरीच्या बाजूला लाकडी का होईना कठडा. दोन ठिकाणी बसायला दगड. प्यायचं पाणी. आणि उघडं असलेलं स्वच्छतागृह, बायकांसाठी वेगळं. काचेच्या पुलाच्या नुसत्या आराखड्याला जेवढा खर्च येत असेल तेवढ्यात हे होईल, असं मी पैजेवर सांगतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं, गाड्या थांबवा. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाडी जात नाही. म्हणूनच तिथे आजी-आजोबा, लेकरं आरामात पॉइंट हिंडतात, म्हणूनच घोडेवाल्याला, हमालाला, खानावळीला दिवसभर काम राहतं. तोरणमाळला निदान शनिवार-रविवारी आणि महाशिवरात्र सोडून इतर सुट्ट्यांना (यात्रेचं गणित वेगळं) गाडी तलावाच्या अलीकडे थांबली, तर वीस मिनिटांचा पाहुणा चार तास राहील. चार तास राहिलेला माणूस जेवतो. भाकरी, उडदाची डाळ, जाताना आमचूर. तो पैसा गावात राहतो.

कुणी म्हणेल, डोंगरात चालणं धोक्याचं. अस्तंब्याला दिवाळीत हजारो माणसं रात्रभर चढतात, ती परंपरा आपलीच आहे. आपल्याकडे माणसं चालताना कमी जातात, गाडीत आणि नावेत जातात. जुलै २०२१ मध्ये तोरणमाळच्या डोंगरात गाडी दरीत गेली. २०१९ च्या संक्रांतीला भूषाजवळ नर्मदेत नाव उलटली, नको तेवढी माणसं बसवलेली. त्या बातम्या मी लिहिल्या आहेत. त्यामुळे नर्मदेकाठी आधी बोटिंग आणि मग बाकीचं, या कल्पनेला माझा साफ विरोध आहे. आधी वरून बघायची वाट करा. नाव नंतर, लाइफ जॅकेट आणि मोजणी असेल तर.

एक आक्षेप मात्र मला झोपू देत नाही. धडगावच्या एका शिक्षक मित्राने फोनवर सुनावलं, "तुमच्या लोकांना आमच्या अंगणातून वाट पाहिजे. मग ते आमच्या बायकांचे फोटो काढणार." काठीच्या राजवाडी होळीला काय होतं ते मी बघितलंय. नाचणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाइल, डोक्यावर ड्रोन. तो चुकीचं बोलत नाही. आणि भूषाच्या टेकडीवरून "समुद्र" बघणं म्हणजे कुणाच्या तरी बुडालेल्या शेतावर सेल्फी काढणंच आहे, हेही खरं.

म्हणूनच हे काम वरून होऊ नये असं मला वाटतं. वाट कुठून जाणार, कुठून नाही, किती माणसं, शुल्क किती, फोटो चालेल का, हे ग्रामसभेने ठरवावं. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क दिलेत, पेसा आहे. कागदावर सगळं आहे. ग्रामसभा नको म्हणाली तर नको, विषय संपला. हो म्हणाली तर वाटाड्या त्याच गावचा, पावती त्याच गावची. दिवाळीनंतर याच गावांतून कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि पाहुण्यांचा हंगामही नेमका तोच. चार पायवाटांनी स्थलांतर थांबेल असं म्हणण्याएवढा मी भाबडा नाही. पण एका गावात पाच-सहा घरांची पोरं शाळा न सोडता राहिली, तरी मी त्याची बातमी करीन.

बुडालेल्या गावांची नावं त्या टेकडीवरच्या पाटीवर यावीत. मणिबेलीपासून सगळी. बघणाऱ्याला कळू दे, काय बघतोय ते.

मित्राला मी शेवटी लिहिलं: डिसेंबर चांगला, स्वेटर आण. शहाद्याहून सकाळी सातला नीघ, घाटात घाई करू नको. उनपदेवचा गरम झरा येताना कर, आईला आवडेल. तोरणमाळला गाडी तलावाजवळ लाव आणि कणसं विकणाऱ्या बाईंना विचार. मुलाची शाळा नसेल तर तो येईल. शंभर-दोनशे हातावर ठेव, घासाघीस करू नको. आईंना शहाद्यात हॉटेलात थांबवून घे, पुढे सोय धरू नको.

त्याने विचारलं, "नर्मदा?" म्हटलं, पुढच्या वर्षी ये.

जिल्हा नियोजन समितीत बसणारे दोन-तीन जण माझ्या लिस्टमध्ये आहेत, पोस्टी वाचतात, लाइक मात्र करत नाहीत. त्यांना विचारतो: पुढच्या बैठकीत हा विषय कुणी मांडणार का? काचेच्या पुलाचा नव्हे, कुलूप काढायचा आणि पाटी लावायचा. मांडलात तर कळवा. पहिल्या पानावर घेतो. संपादकांशी मी भांडेन.