रात्री अकराला कुठे जायचं?

घरगुती हिंसाचाराचा विषय निघाला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मग ती सोडून का जात नाही?" विचारणारे वाईट नसतात. शिकलेले, पुरोगामी वगैरे असतात. मला मात्र त्यांना उलट विचारावंसं वाटतं, कुठे जायचं? रात्री अकराला, पनवेलमध्ये, कडेवर पोर घेऊन, नेमकं कुठे?

आपल्याकडे बाईला घरं दोनच, सासर आणि माहेर. खारघर, कामोठे, कळंबोलीत राहणाऱ्या कितीतरी जणींचं माहेर लातूरला, जळगावला, नाहीतर थेट बिहारमध्ये. आणि जवळ असलं तरी तिथे "जरा सांभाळून घे" एवढंच ऐकायला मिळणार असेल तर ते असून नसल्यासारखं. लॉजवर जावं तर ओळखपत्र मागतात, आणि आधार कार्ड घरच्या कपाटात. "कमावती आहे, तिला काय अडचण?" असं म्हणणाऱ्यांनी (आपल्या क्षेत्रात हे फार!) एवढंच बघावं, जॉइंट अकाउंटमधून पैसे दिले की मेसेज कुणाच्या मोबाइलवर जातो? फोनचं लोकेशन कुणाला दिसतं? मैत्रिणीचं घर? तो सगळ्यात आधी तिथेच पोचतो.

कायदा काय म्हणतो? २००५ चा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. खरं सांगायचं तर चांगला कायदा आहे. घर कुणाच्या नावावर आहे हे न बघता बाईला तिथे राहायचा हक्क आहे. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तर सांगितलं की घर सासूसासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी हा हक्क मागता येतो. नवऱ्यालाच घराबाहेर जायचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतो. म्हणूनच काही जण म्हणतात, तिने का घर सोडायचं, त्याने सोडावं. तत्त्वतः एकदम मान्य. पण कोर्ट सकाळी उघडतं हो! पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न, असं कायद्यातच लिहिलंय. तोवर त्याच घरात, त्याच माणसाच्या शेजारच्या खोलीत झोपून त्याच्याविरुद्ध अर्ज करायचा? डोक्यावर दुसरं छप्पर असेल तरच बाई स्वतःचं घर मागायला उभी राहू शकते.

याच कायद्याच्या नियमांत एक गोष्ट आहे जी फारशी कुणाला माहीत नसते. आधी तक्रार नोंदवली नाही या कारणावरून निवारागृह तिला नाकारू शकत नाही. ती तिथे आहे हे नवऱ्याला सांगायचं नाही, अशी तिची इच्छा असेल तर सांगायचं नाही. म्हणजे आधी आसरा, कागद नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता प्रत्यक्षात काय? २०१५ पासून केंद्राची 'सखी' वन स्टॉप सेंटरं आहेत. पोलीस, दवाखाना, वकील यांची मदत एका जागी आणि तात्पुरता मुक्काम, पाच दिवसांपर्यंत. कल्पना उत्तम. पण योजना मुळात जिल्ह्याच्या हिशोबाने आखलेली. आपला जिल्हा रायगड, मुख्यालय अलिबाग. पोलीस मात्र नवी मुंबईचे. २०१६ मध्ये महानगरपालिका झालेल्या शहरातली बाई रात्री वडखळ नाका ओलांडून अलिबागला जाईल असं कोण समजतं?

आणि ते पाच दिवस. निकाल साठ दिवसांत, मुक्काम पाच दिवस. सिस्टिम डिझाइनमध्ये असं गणित कुणी मांडलं तर रिव्ह्यूमध्येच परत पाठवू आपण. पाच दिवसांनंतर 'शक्ती सदन'सारख्या जास्त मुदतीच्या गृहात पाठवायची सोय कागदावर आहे, पण तिथे जागा मिळणं हे वेगळं प्रकरण. शिवाय मुलांची अट. मुलगी कुठल्याही वयाची चालते, मुलाला वयाची मर्यादा. २०१५ च्या मूळ नियमांत ती आठ वर्षं होती. दहा वर्षांच्या मुलाला त्या घरात ठेवून कुठली आई निघेल?

गंमत म्हणजे महाराष्ट्राला हे नवं नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवांच्या गुप्त बाळंतपणासाठी. त्याची जाहिरात उघडपणे भिंतींवर लावली होती. येणारीचं नाव मात्र गुप्त. सोय सगळ्यांना माहीत, बाई कुणालाच नाही. लंडनमधल्या चिस्विकचं प्रसिद्ध निवारागृह निघालं १९७१ साली, म्हणजे त्यानंतर शंभरेक वर्षांनी.

माझी मागणी साधी आहे. पनवेल महापालिकेने शहरातच दहा-बारा खाटा ठेवाव्यात. रात्रभर माणूस हजर, मुलं सोबत, वयाची अट नाही, आणि कोर्टाचा पहिला आदेश येईपर्यंत बाहेर काढायचं नाही. एवढ्या मोठ्या शहराच्या बजेटमध्ये हा खर्च दिसणारसुद्धा नाही.

तोवर आपल्याला करता येण्यासारखं एक. सोसायटीच्या लिफ्टमध्ये प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचे नंबर लावलेले असतातच. त्याखाली १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस) लिहून टाका. सेक्रेटरी "आपल्याकडे असलं काही होत नाही" म्हणतील. तरी लिहा.